रेडिओवर जागा निघाली, हे रेडिओवर का सांगत नाहीत?

आमच्या केंद्राच्या फाटकाच्या आत, सायकल स्टँडला लागून, काचेचं दार असलेला एक सूचना फलक होता. काच कोपऱ्यात तडकलेली, कुलूप गंजलेलं. नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी आहे, अर्ज अमुक तारखेपर्यंत द्यावेत, असा कागद दोन-तीन वर्षांतून एकदा तिथे लागायचा. फाटकावरचा शिपाई नवख्या माणसाला आधी विचारायचा, कोणाकडे काम आहे? मग वहीत नाव, मग सही, मग आत. म्हणजे कागद वाचायला आत जावं लागे आणि आत जायला आतलं कोणीतरी ओळखीचं लागे. मला तो कागद मामांच्या एका मित्रामुळे कळला. ते केंद्रावर तबला वाजवायला जात. तबल्याऐवजी ते ट्रॅक्टर चालवत असते, तर मी रेडिओवर कधी बोलले नसते.

त्याच इमारतीच्या मागे मनोरा उभा होता. त्यावरून दिवसभर पावसाचा अंदाज, कापसाचे भाव, भजनं, लसीकरणाच्या तारखा, हरवलेल्या माणसांचे वर्णन असं सगळं गावोगावी जायचं. या केंद्रावर बोलायला माणसं पाहिजेत, एवढी एक सूचना माझ्या अकरा वर्षांत त्यावरून गेलेली मला आठवत नाही.

केंद्राचं नाव मी घेत नाही. तिथलं मीठ खाल्लं आहे, हे एक. दुसरं असं, की विदर्भातल्या इतर ठिकाणी, सरकारी म्हणा की संस्थांच्या छोट्या रेडिओंवर म्हणा, काम केलेल्या माणसांशी बोलले तर फलकाच्या जागी कुठे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघतो, कुठे संस्थेच्या सचिवांचा भाचा. एका केंद्राला दोष देऊन हात झटकण्यासारखं हे प्रकरण नाही.

स्थानिक रेडिओ आपल्या भागातल्या लोकांशी संपर्क वाढवायचा म्हणून नाना उपक्रम करतो. गावभेटी, शाळाभेटी, महिला दिनाचे मेळावे. माझं म्हणणं इतकंच, की कामावर कोणाला घ्यायचं हा प्रश्न त्या सगळ्याच्या आधी येतो. खुर्चीवर कोण बसलं आहे, यावर माइक कोणाकडे वळणार ते ठरतं. आपण मात्र नोकरभरतीला ऑफिसची भानगड समजतो आणि लोकसंपर्काला समाजकार्य. दोन्हींच्या फायली वेगळ्या, टेबलं वेगळी.

नैमित्तिक म्हणजे काय, ते आधी सांगते. आकाशवाणीवर जे आवाज तुम्ही ऐकता त्यातले कितीतरी आवाज नोकरीवरचे नसतात. ते पॅनलवरचे असतात. महिन्याला जेमतेम पाच-सहा ड्युट्या, प्रत्येक ड्युटीचे ठरलेले पैसे, तेही मागाहून. पद नसतं, त्यामुळे पेपरात मोठी जाहिरात नसते. पद नाही म्हणून कोणी फारसं विचारतही नाही. पण ऐकणाऱ्याला कुठे ठाऊक असतं, आपल्याशी बोलणारी बाई पगारी आहे की ड्युटीवाली? त्याच्यासाठी तीच आकाशवाणी. म्हणजे दिल्लीच्या हिशेबात जी जागा अस्तित्वातच नाही, ती गावाच्या हिशेबात सगळ्यात मोठी.

याची दुसरीही एक बाजू आहे. १० एप्रिल २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात निकाल दिला, की रीतसर जाहिरात आणि खुली निवड न होता जे तात्पुरते लागले त्यांना नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही. देशभरातल्या हंगामी लोकांच्या मानेवर तो निकाल बसला. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ओळखीने आत शिरलेल्या माझ्यासारखीचंही त्या तडकलेल्या काचेने नुकसानच केलं. दार उघडं ठेवून घेतलं असतं, तर पुढे हक्काने काही मागता तरी आलं असतं.

हा सगळा खटाटोप एका छोट्या रेडिओसाठी कशाला, असं कोणी विचारेल. किराणा दुकानदार पोरगा ठेवतो तेव्हा आपण त्याला जाहिरात दिली का म्हणून विचारतो का? नाही विचारत. पण दुकानदाराचं दुकान त्याचं असतं. १९९५ च्या फेब्रुवारीत क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालपत्रावर न्यायमूर्ती पी. बी. सावंतांची सही आहे, आपल्याच मराठी मुलखातला माणूस. गावचं गायरान जसं एकट्या पाटलाचं नसतं, तशी ही लहरही ना खात्याची, ना ट्रस्टची, ना परवाना घेतलेल्या कंपनीची. गायरानावर कोणाची गुरं चरतात, हे गाव विचारू शकतं.

आता गावभेटीचं सांगते. कापसाच्या पट्ट्यातलं गाव, ऑगस्टचा महिना. जीपमध्ये आम्ही चौघं. कार्यक्रम अधिकारी, रेकॉर्डिंगवाले, ड्रायव्हर आणि प्रश्न विचारायला मी. ग्रामपंचायतीत खुर्च्या मांडलेल्या, चहा तयार. सरपंच बाई होत्या, पण माइक पुढे केला तसा शेजारच्या खुर्चीवरून त्यांच्या यजमानांनी हात लांब करून तो घेतला. ‘मॅडमच्या वतीनं मीच सांगतो.’ मग पोलीस पाटील, मग कृषी सहायक, मग एक प्रगतिशील शेतकरी. बाया दाराशी उभ्या. तासाभरात काम आटोपलं. माइकवरचं स्पंज काढून डबीत गेलं, वायर गुंडाळली.

जीपजवळ एक म्हातारी आली. हातात खुरपं, डोक्याला दुपट्टं. मला म्हणे, ‘बाई, काल फवारलं अन् आज आमाले निंदाले बलावलं. हाताले खाज सुटते, डोये जयजयतेत. किती दिवस वावरात जाऊ नये, हे कोनी रेडिओवर सांगत नाही का?’

मशीन बंद झालं होतं. रेकॉर्डिंगवाल्या दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे, साहेबांनी घड्याळाकडे. आम्ही निघालो. त्या म्हातारीचा प्रश्न मी पुढे केंद्रावर दोनदा मांडला. शेतीच्या कार्यक्रमात किडीची नावं यायची, औषधांची यायची, दहा लिटर पाण्याला किती मिली तेही यायचं. फवारलेल्या वावरात मजुराने कधी पाय ठेवावा, हे कधी आलं नाही. तज्ज्ञांनी लपवलं असं नव्हे. त्यांना कोणी विचारलंच नाही. प्रश्न काढणाऱ्या आम्हा सहा-सात जणांत एकानेही आयुष्यात मजुरीने निंदण केलेलं नव्हतं. आमचा प्रत्येक कार्यक्रम ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणून सुरू व्हायचा. वावरात त्या वेळी बंधू कमी आणि बायाच जास्त असायच्या, साध्या मोबाइलला इयरफोनची वायर लावून. त्या वायरीशिवाय त्यात रेडिओ लागत नाही, हेही मला एका वेचणीवाल्या बाईनेच सांगितलं.

पुढे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. कपाशी त्या साली डोक्याच्या वर वाढलेली, पंप जोरदार फवाऱ्याचे, दोन-तीन औषधं एकात एक कालवलेली. मेलेल्यांत आणि दवाखान्यात पडलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारणारे पुष्कळ होते. रेडिओने सांगितलं असतं तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. ते प्रकरण औषध विकणाऱ्यांपासून खात्यापर्यंत पसरलेलं होतं. पण आमचा रेडिओ वर्षानुवर्षं औषध विकत घेणाऱ्याशी बोलत होता. पाठीवर पंप घेणारा त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. कारण पंप घेणाऱ्याच्या घरातलं कोणीच आमच्यात नव्हतं.

गावभेटी वाढवून हे सुटत नाही. पाहुणा म्हणून गेलेल्याला लोक चहा देतात आणि पाहुण्याला सांगायचं तेवढंच सांगतात.

आणि ज्यांना बोलता येतं त्यांना आपण कसं गाळतो, तेही पाहा. पॅनलवर जुनी झाल्यावर एका चाचणीच्या दिवशी माझ्याकडे उमेदवारांना कागद वाटायचं काम होतं. आरमोरी-कुरखेड्याकडची एक मुलगी आली होती. आदल्या दिवशी एसटीने निघून मैत्रिणीच्या होस्टेलवर मुक्काम केलेला. तिला बातमी लागली कशी? झाडीपट्टीच्या नाटकातल्या एका पेटीवाल्याने सांगितलं. ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या वडशापासून चारी बाजूंच्या गावांत मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात, हजारो माणसं थंडीत गोधड्या घेऊन बसतात. ही मुलगी दोन हंगाम मंडईच्या माइकवर निवेदन करत होती. तिचा आवाज मी दाराबाहेरून ऐकला. खणखणीत, कुठे घाई नाही, वाक्याच्या शेवटी आवाज पडत नाही. हे शिकवायला आम्हाला सहा-सहा महिने लागतात.

कागदावर पहिलीच ओळ ‘सकाळी पाणीपुरवठा’ अशी होती. तिने ‘सकारी पानीपुरवठा’ वाचलं. झाडीबोलीत ळ चा र होतो, ण चा न होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपुरातली लाखो माणसं असंच बोलतात, वैनगंगेच्या दोन्ही अंगांनी. आत कोणीतरी हसलं. शेऱ्यात ‘उच्चार सदोष’ आलं असणार. ती पुन्हा दिसली नाही. जाताना व्हरांड्यात मला म्हणाली, ‘बाई, मंडईत एवढी मानसं मले आयकतेत. समजलं नाही म्हनून एकबी उठून गेला नाही जी.’

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडायला हवी. परराष्ट्रमंत्र्याचं नाव तिला वाचता आलं नाही, एका जोडाक्षरावर ती दोनदा अडखळली. बातम्या वाचायला प्रमाण भाषा लागते, यावर माझा वाद नाही. मेळघाटातला आणि अहेरीतला माणूस एकच बातमीपत्र ऐकणार असेल, तर दोघांना कळेल असं काहीतरी मधलं लागेलच. पण सकाळच्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, भजन लावणं, शेतीच्या पत्रांना उत्तर देणं, आरोग्याच्या कार्यक्रमात आशाताईशी गप्पा मारणं, याला ‘ळ’ कशाला लागतो? आम्ही स्पष्ट आणि शुद्ध यांत गल्लत करतो. रेडिओला स्पष्ट पाहिजे. शुद्ध हा आमच्या शाळेचा, आमच्या आळीचा, आणि स्पष्टच बोलायचं तर आमच्या जातीचा हट्ट आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी मोझरीहून निघून देशभर वाजली. तिला कोणी उच्चार विचारले नाहीत.

परवा कोणी म्हणालं, आता यंत्राचाच आवाज येणार. येऊ दे बापा. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २०२४ च्या मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे दोन निवेदक बसवलेसुद्धा. ळ आणि ण दोन्ही यायला यंत्राला एक दिवस लागतो. निंदणाची खाज मात्र त्याला सुटत नाही.

शिवाय ही नुसती मराठीच्या बोलींची गोष्ट नाही. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, यवतमाळ-वर्ध्याकडे कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. कोलाम आणि माडिया गोंड सरकारच्याच यादीत आदिम जमाती म्हणून आहेत. त्यांच्यापर्यंत योजना पोचवायच्या म्हणून अनुवादक शोधतात, पुस्तिका छापतात. त्यांच्यातली चार पोरं माइकवर बसवली तर अनुवादाची अर्धी कटकट तिथेच मिटेल. २०१० मध्ये छत्तीसगडात सीजीनेट स्वर नावाने फोनवर चालणारी एक व्यवस्था सुरू झाली. गोंडी बोलणारा माणूस फोन लावून आपली अडचण आपल्याच भाषेत नोंदवायचा, दुसरे ती ऐकायचे. रेडिओचा परवानाही नसताना जे जमलं, ते मनोरा असलेल्यांना का जमू नये?

अमेरिकेतला एक नियम मला याच कारणासाठी लक्षात ठेवावासा वाटतो. तिथलं प्रसारण खातं, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, १९६९ पासून रेडिओ-टीव्हीच्या नोकरभरतीवर नियम करत आलं आहे. आधीच्या नियमांचा रोख कामावर कोणत्या वंशाचे किती लोक आहेत, इकडे जास्त होता. १९९८ मध्ये कोर्टाने ते मोडीत काढले, सुधारून आणलेले २००१ मध्ये पुन्हा अडकले. मग २००२ मध्ये जे केलं ते टिकलं, आणि ते फार साधं आहे. आठवड्याला तीस किंवा जास्त तास काम करणारे पाच किंवा जास्त लोक ज्या केंद्रात आहेत, त्याने प्रत्येक पूर्णवेळ जागेची खबर भागात दूरवर पोचवायची. ज्या संस्था आम्हाला कळवा म्हणून लिहून देतील, त्यांना कळवायचं. जागा नसली तरी दर दोन वर्षांत, केंद्राच्या आकाराप्रमाणे, दोन किंवा चार उपक्रम करायचे: नोकरी मेळावा, शिकाऊ उमेदवारी, शाळा-कॉलेजात जाऊन हे काम काय असतं ते सांगणं. आणि वर्षाअखेर एक कागद. कोणत्या जागा भरल्या, खबर कुठे-कुठे दिली, मुलाखतीला आलेल्यांपैकी कितीजणांना ती कुठून कळली. हा कागद लोकांना पाहायला ठेवायचा.

त्या कागदातलं मला सगळ्यात पटतं ते ‘कुठून कळली’. कोणाला घेतलं यावर भांडता येतं, पात्रता-अपात्रता काढता येते. कुठून कळलं, याचं उत्तर लपत नाही. दहापैकी नऊजणांच्या पुढे ‘कर्मचाऱ्याच्या ओळखीने’ लिहिलेलं असेल, तर वेगळी चौकशी कशाला पाहिजे? आमच्या केंद्राने असा कागद काढला असता तर माझ्या नावापुढे ‘तबलावादकाकडून’ आणि त्या मुलीच्या नावापुढे ‘पेटीवाल्याकडून’ आलं असतं. साथीदार नसते तर आमच्या भागातला रेडिओ मुकाच राहिला असता, असं म्हणायची वेळ आली.

अमेरिकेचंही सगळं आलबेल नाही. मेळाव्यात टेबल मांडून दोन पेनं वाटली की उपक्रमाच्या रकान्यात खूण होते, आणि मग वर्षभर कोणी विचारत नाही. असा कागदी घोडा कोणत्याही देशात पळतो. २०१७ मध्ये तर त्या कमिशनने नुसती इंटरनेटवर जाहिरात दिली तरी पुरे, असं ठरवलं. न्यूयॉर्कला ते चालेल. भामरागडला मोबाइलची रेंज शोधायला टेकडी चढणाऱ्या पोराला ते सांगून पाहा.

आपल्याकडे काय आहे? घटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत संधीची समानता दिली, पण पॅनलवरची ड्युटी त्या अर्थाने नोकरी धरली जात नाही. रोजगार विनिमय केंद्राला रिकाम्या जागा कळवायचा १९५९ चा कायदा खासगीत पंचवीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना होता. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो आकडा वीसवर आणला. स्थानिक रेडिओत वीस माणसं? आमच्याकडे चहावाला धरून चौदा होत होते. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. रेडिओ तर दृष्टिहीन माणसासाठी सगळ्यांत सरळ जागा. माझ्या अकरा वर्षांत ब्रेलमधला एक कागद चाचणीच्या खोलीत मी पाहिला नाही.

सामुदायिक रेडिओचं धोरण त्या मानाने पुढे गेलं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. शंभर वॅटची छोटी यंत्रणा, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, आणि निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे अशी अट. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या सुधारणेने सल्लागार समितीत निम्म्या बाया असाव्यात, हेही आलं. चांगलंच आहे. पण समिती महिन्या-दोन महिन्यांनी बसते आणि चहा पिऊन उठते. रेडिओ रोज चालतो. जो रोज संगणकावर बसून कार्यक्रम जोडतो, ज्याच्या हातात मानधनाची वही आहे, तो कसा आला? धोरणाचा भर तिकडे नाही. सहभाग म्हणून गावातल्या बायांकडून ओव्या फुकट म्हणवून घ्यायच्या आणि मानधन शहरातून येणाऱ्या समन्वयकाने घ्यायचं, यालाही निम्मा सहभागच म्हणतात.

असं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावी, १५ ऑक्टोबर २००८ पासून संगम रेडिओ चालू आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या दलित बाया तो चालवतात. ध्वनिमुद्रण त्याच करतात, मिक्सरवरही त्याच बसतात. ज्वारी-बाजरीची शेती स्वतः केलेल्या बाया. त्यांना प्रश्न काढायला जीप लागत नाही.

माझ्याच ओळखीच्या एका संस्थाचालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘ताई, आमच्याकडे तीन जण आहेत. वीजबिल भरता भरता जीव जातो. तुम्ही अजून एक रजिस्टर लावता.’ त्यांचं खोटं नाही. छोट्या रेडिओचं पोट सरकारी जाहिरातींवर असतं आणि ते पैसे कधी येतील याचा नेम नसतो. तीन माणसांच्या केंद्राला कोणी टक्केवारी मागू नये, मीही मागत नाही. तिघांत आरक्षणाचं गणित बसवायला गेलं तर भांडणाशिवाय हाती काही लागणार नाही. पण खबर द्यायला काय लागतं? रेडिओची गंमत अशी, की जगातल्या कोणत्याही ऑफिसला जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात आणि याला लागत नाहीत. सामुदायिक रेडिओला सरकारी जाहिरातीचा दर २०२४ मध्ये दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. चाळीस सेकंदांची सूचना त्या दराने धरली तरी २९६ रुपये होतात. तेही स्वतःच स्वतःला द्यायचे.

रजिस्टरचं म्हणाल तर रोजगार हमीच्या कामावरच्या मजुराचं नाव हजेरीपटावर असतं आणि तो पट ग्रामसभेत मागता येतो. खड्डे खोदणाऱ्याने हिशेब द्यायचा आणि लोकांच्या लहरीवर बोलणाऱ्याने द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

खबर पोचली की काम संपलं, असंही नाही. सकाळची सभा सहाच्या आधी सुरू होते, म्हणजे उद्घोषक पाच-सव्वापाचला हजर पाहिजे. रात्रीची सभा अकराला संपते. तालुक्याहून शेवटची एसटी साडेसात-आठला गेलेली असते. आमच्याकडे रात्री सोडायला गाडी होती, पण शहराच्या हद्दीपर्यंतच. म्हणून पॅनलवर शहरातलीच मुलं राहिली आणि मुलींमध्ये तर ज्यांचं माहेर किंवा सासर चालत जाण्याच्या अंतरावर त्याच. मी अकरा वर्षं टिकले कारण माझी आत्या केंद्राच्या मागच्या गल्लीत राहायची. ड्युट्या दिवसा आणि सलग दोन दिवसांच्या लावल्या, एक रात्र कुठे राहायची सोय केली, तर गावातली मुलगी येऊ शकते. हे ठरवायला दिल्लीची मंजुरी लागत नाही. ड्युटीचा तक्ता करणाऱ्याने पेन्सिल वेगळी चालवायची, एवढंच.

आता हे लिहायची घाई मला का झाली, ते सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपले अचलपूर, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर आणि गोंदिया आहेत. मातृभाषेत स्थानिक कार्यक्रम आणि रोजगार ही कारणं तेव्हा पुढे केली होती. उद्या या गावांत वाहिन्या आल्या तर नागपूर-पुण्यात तयार झालेली तीच हसरी, घाईची, अर्धी हिंदी बोलणारी आरजे मंडळी येणार, की वणीची, तुमसरची, परतवाड्याची पोरं बसणार? परवाना देतानाच अट घातली तर ते ठरेल: जागा निघाली की ती स्वतःच्या वाहिनीवर सात दिवस, दिवसातून तीनदा सांगा, आणि कोणाला कुठून कळलं तो कागद वर्षाला एकदा दारावर लावा. दाराच्या बाहेरच्या बाजूला.

सूचनेचा मजकूर मी करून पाहिला आहे. कोणाला हवा असेल तर घ्या:

‘ऐका हो. आपल्या रेडिओवर बोलायला माणूस पाहिजे. बाई चालते, माणूस चालते. दहावी झाली असन तर बरं, नसन तरी या. बोली कोनतीबी असू द्या, फक्त ऐकनाऱ्याले समजलं पाहिजे. डोळ्यांनं दिसत नसन तर घरच्याले संगं घेऊन या, कागद आमी वाचून दाखवू. ड्युटी दिवसाची आहे, येन्याजान्याचं भाडं भेटन, रातची राहाची सोय आहे. येत्या सोमवारी बाजाराच्या दिवशी तहसीलसमोर आमचा माइक ठेवला राहीन. तिथंच बोलून दाखवा. कोनाची चिठ्ठी आनू नका.’

घड्याळ लावून वाचलं. ‘ळ’ सवयीने एकदा तोंडातून निघालाच. अडतीस सेकंद लागले.